पोटात पाय

“झिला, माझ्या डोळ्यार परत पडदो इलो.”

कचेरीला निघण्याच्या घाईत मी पायांत बूट चढवीत होतो, तोच आबांचे हे शब्द कानी आले आणि काळजात धस्स झाले. त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला पुरते चार महिनेही लोटले नव्हते. मी तसाच आत गेलो. आबा नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या काचपेटीसमोर बसून डोळे चोळीत होते.

“माझ्याकडे बघा. मी नीट दिसतो?”

“तू दिसतंस. मासे दिसनत नाय.”

मी बाही वर सारली, काचपेटीत हात घातला आणि आतल्या अंगाने काचेवरून बोट फिरवले. बोटाने ओढलेल्या त्या रेघेतून पलीकडचा नारिंगी मासा लख्ख दिसू लागला. पडदा आबांच्या डोळ्यांवर नव्हताच. तो काचेवर होता; आणि शेवाळाचा होता.

ही काचपेटी आमच्या घरी कशी आली, ते आधी सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. मालवणच्या घरात आबा एकटे उरले. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, केंद्र सरकारचा कारकून, आणि सरकारने मला आणून ठेवले आहे गिंडीला. तेराव्याचे कार्य आटोपताच मी आबांना बरोबर घेऊन आलो. परमुलखी नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळांनी आपल्या वडिलांना असेच आणले असेल, आणि आणल्यावर काय होते तेही अनुभवले असेल. आबांनी तीस वर्षे टपाल वाटले होते. रोज आठ-दहा मैल चालणारा आणि दारोदारच्या माणसांशी दोन शब्द बोलणारा तो माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बिऱ्हाडात येऊन बसला. एका बाजूला लोहमार्ग, दुसऱ्या बाजूला गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानाची झाडी. १९७८ साली राष्ट्रीय उद्यान ठरलेले हे जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचे रान ऐन शहरात आहे आणि त्यात चितळे हिंडतात. पहिल्या आठवड्यात आबांनी ती कौतुकाने पाहिली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारले, “दर्यो खय?”

समुद्र पाच-सहा किलोमीटरांवर होता. एका रविवारी पहाटे मी त्यांना बेझंटनगरच्या किनाऱ्यावर नेले. समोर पाण्यातून सूर्य वर येऊ लागला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. सत्तर वर्षे त्यांनी सूर्याला समुद्रात बुडताना पाहिले होते. मग ते इकडेतिकडे पाहू लागले. मैलोगणती नुसती वाळू. बसायला खडक नाही, खडकाला कालवे नाहीत, समोर सिंधुदुर्ग नाही. शेवटी म्हणाले, “ह्यो दर्यो उलटो आसा.” त्यानंतर त्यांनी समुद्राचे नाव काढले नाही.

म्हणून मी समुद्र घरी आणायचे ठरवले. लहानपणी आबांनीच मला मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. १९५१ साली उभ्या राहिलेल्या त्या इमारतीतले हिरवट उजेडाचे काचेचे चौकोन अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मद्रासचे मरीनावरील मत्स्यालय तर त्याहून जुने, १९०९ सालचे. आज ते उरलेले नाही. परंतु शोभेच्या माशांची हौस या शहराने सोडलेली नाही. शहराच्या वायव्येला कोळत्तूर म्हणून भाग आहे, तेथे दुकानांमागून दुकाने केवळ माशांचीच. तेथून मी तीन फूट लांबीची, सुमारे दीडशे लिटरांची पेटी आणली. लिटरामागे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने सव्वापाच किलो मीठ त्यात विरघळवले. हे आपले स्वयंपाकातले मीठ नव्हे. समुद्रात असतात ते सगळे क्षार त्यात योग्य प्रमाणात मिसळलेले असतात. दीड महिना थांबून पेटीत विदूषक माशांची जोडी सोडली. हे मासे समुद्रातून पकडलेले नव्हते. पैदास करून वाढवलेले होते. आमच्याच किनाऱ्यावर, मंडपमला, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने ही पैदास साधली आहे. आबा दिवसचे दिवस पेटीसमोर बसू लागले. आम्हा पतिपत्नींना हायसे वाटले.

आणि आता त्या काचेवर शेवाळ धरले होते. नव्या पेटीत ते येतेच. आधी तपकिरी थर येतो, मग हिरवा. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यात नायट्रेट साठते, फॉस्फेट साठते. त्यावर दिव्याचा नाहीतर खिडकीतल्या उन्हाचा उजेड पडला की शेवाळाचे फावते. आमच्याकडे कारण आणखी सोपे होते. आबा माशांना दिवसातून पाच वेळा जेवू घालीत. पोस्टमनला कोणाच्या घरी चहा नाकारता येत नाही, तसा त्यांना माशांच्या तोंडचा घास नाकारता येत नसे. मी खाद्याचा डबा उचलून ठेवला, पेटी खिडकीपासून दूर केली, जुन्या ओळखपत्राने काच खरवडली. चार दिवसांत पडदा पुन्हा हजर. तेव्हा शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगाई आणाव्यात असे ठरले.

कोणतीही निवड करायची म्हटली की आम्हा कारकुनांचा हात आपोआप तुलनात्मक तक्त्याकडे जातो. मी एका जुन्या वहीत रकाने आखले आणि रात्री जेवणानंतर एकेका उमेदवाराचे प्रकरण आबांपुढे मांडू लागलो.

‘गोगलगाय नि पोटात पाय’ असे आपण वरून गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो. पण शास्त्रज्ञांनी या साऱ्या कुळाला जे ग्रीक नाव दिले, त्याचाही अर्थ नेमका ‘पोट हाच पाय’ असाच होतो. ज्या पायाने चालायचे तो पोटाखाली, आणि तोंडात कानशीसारखी दातांची पट्टी; पुढचे दात झिजले की मागून नवे येतात. खडकाला चिकटून राहणाऱ्या लिंपेट नावाच्या यांच्या एका भाऊबंदाच्या दातांची मजबुती २०१५ साली पोर्ट्समथ विद्यापीठातील संशोधकांनी मोजली, तर ती कोळ्याच्या धाग्यालाही मागे टाकणारी निघाली. “म्हंजे कातळ खरवडतत,” आबा म्हणाले. त्यांनी ते लहानपणी पाहिलेले होते.

सर्वच शंखवाले शेवाळ खात नाहीत, हे मला तक्ता करतानाच कळले. आपल्या देवघरातला शंख घ्या. तूतुकुडी आणि रामेश्वरच्या बाजूचा समुद्र या शंखांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. पण ज्याने आपण देवाला स्नान घालतो, त्या शंखातला मूळ रहिवासी वाळूतले किडे खाणारा, पक्का मांसाहारी. हे ऐकून पत्नीने कानांवर हात ठेवले. आबा मात्र पुष्कळ दिवसांनी हसले. कोनस जातीचे सुंदर नक्षीचे शंख तर विषारी काटा मारतात, आणि त्यांतल्या काहींच्या दंशाने माणसे दगावली आहेत. देवीच्या माळेतली कवडी शेवाळ खाते. पण तिच्याच कुळातली मोठी ठिपकेवाली कवडी वाढली की स्पंज आणि मऊ पोवळी कुरतडू लागते, शिवाय जाताना मांडलेले दगड ढकलून पाडते.

उरले पाच. टर्बो हा खादाड. काच दोन दिवसांत लख्ख करील, पण लहान पेटीतले शेवाळ संपले की उपाशी मरेल. नेराइट चिवट, उन्हातान्हाला न डगमगणारा. चेन्नईच्या मे महिन्यात पेटीचे पाणी तापते तेव्हा हाच टिकावा. पण चित्र बघताच आबांनी त्याला ओळखले. भरतीच्या रेषेवर, अर्धा वेळ कोरड्यात राहणारा हा प्राणी. “हे रातचे भायर येतले,” ते म्हणाले. पुस्तकात पाहिले तर तेच लिहिलेले: पेटीला झाकण असावे. सेरिथ लांबट, टोकदार. दिवसा वाळूत राहून ती चाळवणारा आणि रात्री वर येणारा. कामसू, पण काचेपेक्षा तळाशी अधिक रमणारा. अ‍ॅस्ट्रिया हा वेस्ट इंडीजकडचा. चपटा तळ, वर टोकदार माथा. काच उत्तम साफ करतो. आणि ट्रोकस सर्वगुणसंपन्न: बेताने खाणारा, आणि काचेवरून खाली पडला तरी आपला आपण सुलटा होणारा.

माझे मन ट्रोकसवर बसले. पण येथे कायदा आडवा आला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्याच्या अनुसूचींत २००१ साली काही शंखशिंपल्यांची नावे घालण्यात आली, त्यांत ट्रोकस निलोटिकस हे नाव आहे. याच्या जाड, मोत्यासारख्या चमकणाऱ्या कवचाची जगभर सदऱ्याची बटणे होत. बटणांपायी तो किती ठिकाणी संपत आला, हे वाचताना माझा हात नकळत माझ्या गळ्याशी गेला. माझे बटण प्लॅस्टिकचे होते. ट्रोकसच्या लहान भाऊबंदांची नावे यादीत नाहीत. परंतु दुकानदाराच्या तबकातला ट्रोकस नेमका कोणता, हे ना त्याला सांगता येत होते, ना मला. संशय असेल तेथे सही करू नये, हे नोकरीत शिकलेले एकच तत्त्व मी घरी पाळतो.

“मालवणाक कळव,” आबा म्हणाले, “टोपलीभर धाडून देतले.” मी त्यांना सांगितले की त्यांच्याच समोरच्या समुद्राचा भाग १९८७ सालापासून अभयारण्य आहे, आणि तेथून जिवंत काही उचलणे गुन्हा. आबांना ते ठाऊक होते. अभयारण्याच्या नोटिसांचे लखोटे त्यांनीच घरोघर वाटले होते. पण आपल्या खडकावरून एक शंख आणता येत नाही, हे त्यांना त्या रात्री लागले असावे. वही त्यांनीच मिटली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे कोळत्तूरला गेलो. दुकानदाराने बारा घ्या म्हणून आग्रह धरला. विकणाऱ्याचा हिशेब नेहमी मोठाच असतो. आम्ही सहा अ‍ॅस्ट्रिया घ्यायचे ठरवले. निवडल्या मात्र आबांनी, बाजारात मासळी निवडावी तशा. काचेला घट्ट चिकटलेली घेतली, तळाशी पडलेली टाळली. कवचाची कड तुटलेली ठेवून दिली. बोट लावताच पाय आत ओढून दार लावून घेते की नाही ते बघितले, आणि प्रत्येक नाकाशी धरून वास घेतला. दुकानदार तमिळमध्ये बोलत होता, आबा मालवणीत; दोघांचे उत्तम जुळले. माझ्या कन्येने शाळेत शिकलेला ‘नत्तै’ हा शब्द आजोबांना पढवून पाठवला होता. गोगलगायीचे ते तमिळ नाव आबांनी पाच-सहा वेळा मोठ्या रुबाबात उच्चारले. पेटीत माशांवर कधी तांब्याचे औषध वापरले आहे का, एवढे दुकानदाराने आठवणीने विचारले. माशांना बरे करणारे तांबे गोगलगायींना विष असते. आम्ही वापरलेले नव्हते.

घरी आल्यावर त्या थेट सोडता येत नाहीत. खारेपणातला फरक त्यांना सोसत नाही. म्हणून आपल्या पेटीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब त्यांच्या भांड्यात सोडायचे. दोन तास आबा नळी धरून बसले. आठवड्याने काच स्वच्छ झाली. हिरव्या थरातून नागमोडी वाटा निघाल्या, वाटा एकमेकींना मिळाल्या, आणि मासे दिसू लागले.

तिसऱ्या आठवड्यात एक मेली. पेटीला वास आला तेव्हा कळले. ती वाळूवर उताणी पडली होती. पुस्तकात खुलासा सापडला: अ‍ॅस्ट्रिया उताणी झाली की तिला स्वतःला सुलटे होता येत नाही. मला नवल वाटले. ज्या प्राण्याला पडल्यावर उठताही येत नाही, तो इतकी युगे जगला कसा? उत्तर साधे आहे. तिच्या मूळ ठिकाणी सारा खडकाळ तळ. कोठेही पडली तरी पायाच्या टप्प्यात एखादा दगड असतोच, त्याला धरून ती उठते. आमच्या पेटीत मी शोभेसाठी दगड मागच्या बाजूला रचून पुढे पांढऱ्या वाळूचे स्वच्छ, मोकळे अंगण केले होते. त्या अंगणात धरण्यासारखे काही नव्हते.

त्यानंतर मात्र एकही मेली नाही. महिना गेला, दोन गेले. मला वाटले, त्या सावरल्या. एका रात्री पाण्यासाठी उठलो तर बाहेरच्या खोलीत विजेरीचा उजेड. घड्याळात अडीच वाजले होते. आबा पेटीपाशी उभे होते, बाही कोपरापर्यंत भिजलेली, आणि दोन बोटांत धरलेली गोगलगाय ते हलक्या हाताने काचेला टेकवीत होते. तिने पाय बाहेर काढून काच धरली, तेव्हा त्यांनी हात काढला.

“रोज उठता?”

“मी जागोच आसतंय,” ते म्हणाले. “तुझी आवस गेल्यापासून.”

दोन वर्षे माझे वडील रात्री झोपत नव्हते, आणि भिंतीपलीकडे निजणाऱ्या मला ते ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वही उघडली. आपण होऊन सुलटी होणारी जात आणावी, म्हणजे आबांना रात्रीचे उठायला नको. सेरिथ चालतील, पेटीवर झाकण बसवून नेराइटही आणता येतील. संध्याकाळी मी ही योजना आबांना उत्साहाने सांगितली: आता कोणाला उचलावे लागणार नाही, तुम्ही निवांत पडून राहा. आबा ऐकत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “मगे रातचो मी काय करू?”

मला उत्तर देता आले नाही. आजही त्या प्रश्नाने मी खजील होतो. आबांना या घरात कोणतेही काम पडू नये अशी आम्ही चोख व्यवस्था केली होती. दूध पिशवीतून दारात येई, भाजी पत्नी आणी, विजेचे देयक मी फोनवरून भरी. त्यांनी पाण्याचा पेला उचलला तरी आम्ही धावत असू. प्रेमाने, काळजीने आम्ही त्यांच्याभोवती स्वच्छ, मोकळे, पांढऱ्या वाळूचे अंगण केले होते. धरायला त्यात एक दगड ठेवला नव्हता.

नव्या गोगलगाई मी आणल्या नाहीत. दगड थोडे पुढे सरकवले. त्यामुळे पडणे कमी झाले, संपले नाही. आता वेगळीच अडचण उभी राहिली. काच इतकी स्वच्छ झाली की पाचही जणींना खाणे पुरेना. आबांनी उपाय काढला. सज्जात उन्हात एक बादली ठेवली, पेटीतून काढलेले खारे पाणी तिच्यात भरले आणि आत दगड टाकले. दगडांवर हिरवे शेवाळ आले की एक दगड पेटीत जातो, चाटून साफ झालेला बाहेर येतो. ज्या शेवाळाच्या निर्मूलनासाठी हा सारा खटाटोप, त्याचीच आता आमच्या सज्जात शेती चालते. उन्हाने बादलीतले पाणी आटते, पण मीठ आटत नाही; म्हणून रोज गोडे पाणी घालावे लागते. तेवढे पाणी खालच्या नळावरून आणायचे काम आबांचे. जाता-येता ते खालच्या इस्त्रीवाल्याशी बोलतात. कोणत्या भाषेत, ते मी विचारत नाही. टपालपेटीतली साऱ्या इमारतीची पत्रेही आता तेच वर घेऊन येतात. पत्रे हल्ली येतात थोडी, पण दारे वाजतात.

गणपतीला मालवणला जायचे, आणि गेलो की परत यायचे नाही, असे त्यांनी पूर्वी एकदा पत्नीजवळ बोलून दाखवले होते. यंदा मी तिकिटे काढायला बसलो तेव्हा भीतभीतच विचारले, “तुमचे जाण्याचे काढू, की जाण्यायेण्याचे?” आबांनी पेटीकडे पाहिले. “दहा दिस ह्यांका कोण बघतलो?” एवढेच म्हणाले. शेजारच्या मुलाला मी पेटी दाखवून ठेवली आहे. आबांनी त्याला विजेरी कोठे असते तेही दाखवले आहे. तिकिटे जाण्यायेण्याची काढली.

माझ्या बदलीची वेळ आता जवळ येत आहे. कोठे, ते अजून कळायचे आहे; दीडशे लिटरांचा समुद्र कसा न्यायचा, तेही. वहीतला तो तक्ता मात्र अजून तसाच आहे. शेवटच्या रकान्यात, जेथे शिफारस लिहायची असते, तेथे मी शेवटी लिहून ठेवले: सदर प्रकरणी आहे तीच व्यवस्था पुढे चालू ठेवावी. खाली सही केली. आबांनाही करायला लावली.